ग्रीन कार्ड ते अमेरिकन नागरिकत्व: एन-४००, शपथ आणि त्यानंतरचे भारताकडचे कागद

वाटाड्या

ग्रीन कार्डाची रांग, प्रायॉरिटी डेट, ईबी-२ की ईबी-३ यावर पुष्कळ बोलून झालंय. हा धागा कार्ड हातात पडल्यानंतरचा आहे. एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, कधी भरायचा, तो कुठे अडतो, मुलाखतीत काय होतं आणि शपथेनंतर भारतीय पासपोर्टचं काय करायचं, एवढ्यावरच बोलू.

सगळे धास्ती घेतात ती नागरिकशास्त्राच्या परीक्षेची. पाठांतरात आयुष्य गेलेल्या आपल्या लोकांना ती जड जात नाही. अर्ज रखडतो तो तारखांवरून आणि नावांवरून. म्हणून आधी तारखा.

चार हिशेब एकदम जमावे लागतात:

१. कार्ड मिळून ५ वर्षं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काढलेली वर्षं यात शून्य. कार्डावर 'रेसिडेंट सिन्स' म्हणून छापलेली तारीख हाच पहिला दिवस. कार्ड पोस्टाने घरी आलं ती तारीख नव्हे.

२. त्या ५ वर्षांत निम्म्याहून जास्त दिवस प्रत्यक्ष अमेरिकेत, म्हणजे किमान ९१३ दिवस.

३. सलग वास्तव्य. हे दुसऱ्या कलमापेक्षा वेगळं आहे आणि लोक इथेच गल्लत करतात. ९१३ दिवस भरूनही एका लांब फेरीमुळे सलगपणा तुटू शकतो.

४. अर्ज करता त्या राज्यात किंवा यूएससीआयएसच्या (नागरिकत्व आणि इमिग्रेशन खात्याच्या) त्या विभागात आधीचे ३ महिने राहणं. राज्य बदललं असेल तर पत्ता बदलल्याचा एआर-११ दहा दिवसांत भरलेला असावा.

फी ऑनलाइन अर्जाला ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६०. कुटुंबाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांपर्यंत असेल तर ३८०. ही सवलत बऱ्याच जणांना माहीतच नसते. चौघांचं घर आणि एकाचाच पगार असेल तर एकदा तक्ता बघाच.

उंबरठा

५ वर्षं पूर्ण व्हायच्या ३ महिने आधी अर्ज करता येतो ना?

वाटाड्या

३ महिने नाही, ९० दिवस. फरक दोन दिवसांचा असतो आणि तेवढ्यावर अर्ज जातो.

उदाहरण घ्या. कार्डाची तारीख १५ सप्टेंबर २०२१. पाच वर्षं होतात १५ सप्टेंबर २०२६ ला. बोटांवर तीन महिने मागे गेलात तर १५ जून. प्रत्यक्षात ९० दिवस मागे मोजले तर १७ जून. पंधराला भरलेला अर्ज दोन दिवस लवकरचा ठरतो. तो लगेच परत आला तर नशीब. काही वेळा तो पुढे सरकतो, मुलाखतही होते आणि तिथे नामंजूर होतो, मग फीही गेली. यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर याचं गणकयंत्र आहे, त्यात तारीख टाका आणि वर दोन-चार दिवस सोडून अर्ज करा. पाच वर्षं थांबलात, चार दिवसांनी काय बिघडतंय.

आणखी एक. ९० दिवसांची सूट फक्त ५ वर्षांच्या अटीला आहे. ९१३ दिवस मात्र अर्जाच्या दिवशी भरलेले हवेत.

कोकमसार

नवरा नागरिक झाला तर बायकोला ५ ऐवजी ३ वर्षं, हे खरं का?

दगडफूल

खरं आहे, पण बहुतेकांच्या उपयोगाचं नाही. ३ वर्षांचा नियम लागू व्हायला जोडीदार ती पूर्ण ३ वर्षं *नागरिक* असावा लागतो, दोघं एकत्र राहत असावे लागतात आणि तिचंही ग्रीन कार्ड ३ वर्षं जुनं हवं. ज्यांची कार्डं नोकरीतून एकाच दिवशी आली त्यांचं गणित बघा: नवऱ्याने पाचव्या वर्षी शपथ घेतली तर बायकोची ३ वर्षं आठव्या वर्षी पुरी होणार. तिची स्वतःची ५ तोवर कधीच झालेली असतात. दोघांनी एकाच आठवड्यात आपापला अर्ज भरावा हे बरं.

नागरिकाशी लग्न करून आलेल्यांना मात्र हा नियम लागू पडतो. त्यांचं पहिलं कार्ड दोन वर्षांचं, सशर्त असतं. ३ वर्षं त्या पहिल्या कार्डापासूनच मोजतात. अट काढण्याचा आय-७५१ अडकलेला असला तरी एन-४०० भरता येतो. मुलाखतीत दोन्ही एकदम निकालात निघू शकतात. त्या ३ वर्षांत प्रत्यक्ष उपस्थिती ५४८ दिवस लागते.

मोडीलिपी

फेऱ्यांबद्दल नीट लिहा कोणीतरी. आई आजारी, मग चार महिने पुणे, परत दोन महिने पुणे, असं किती जणांचं असतं.

वाटाड्या

लिहितो.

मर्यादा एकेका फेरीची असते. दोन फेऱ्यांची बेरीज सलगपणाला लागत नाही, ती फक्त ९१३ च्या हिशेबात येते. एक फेरी सहा महिन्यांहून जास्त झाली की सलग वास्तव्य तुटलं असं *गृहीत* धरतात, पण ते खोडून काढता येतं. काय दाखवायचं? अमेरिकेतली नोकरी सोडली नव्हती, परदेशात दुसरी धरली नव्हती, बायकामुलं इथेच होती, घराचं भाडं किंवा हप्ता चालू होता. पगाराच्या चिठ्ठ्या, भाडेकरार, मुलांच्या शाळेचं पत्र. 'आई आजारी होती' हे एकट्याने पुरत नाही. ती सहानुभूतीची गोष्ट झाली, वास्तव्याचा पुरावा नाही.

एक वर्ष किंवा जास्त झालं तर वाद संपला. सलगपणा तुटला. परत आल्यापासून ४ वर्षं आणि १ दिवस थांबावं लागतं, म्हणजे मागच्या पाच वर्षांत गैरहजेरी एका वर्षाच्या आत बसते. तेव्हाही ती सहा महिन्यांहून मोठी दिसते, म्हणजे पुरावे द्यावेच लागतात. ते टाळायचं तर ४ वर्षं ६ महिने थांबा.

इथे रीएंट्री परमिटवाल्यांची फसगत होते. आय-१३१ भरून दोन वर्षांचं परमिट घेतलं की *ग्रीन कार्ड* वाचतं. नागरिकत्वाचं घड्याळ वाचत नाही. ते वाचवणारा फॉर्म वेगळा, एन-४७०, आणि तो अमेरिकन कंपनीने परदेशी पाठवलं अशासारख्या मोजक्या प्रकरणांनाच लागू होतो. त्याआधी कार्डावर सलग एक वर्ष, एकही दिवस बाहेर न जाता, अमेरिकेत काढलेलं हवं.

दगडफूल

भर घालते. दिवस मोजताना निघाल्याचा दिवस आणि परतल्याचा दिवस, दोन्ही अमेरिकेत धरतात. २ जानेवारीला निघून १ जुलैला परतलात तर गैरहजेरी ३ जानेवारी ते ३० जून, म्हणजे १७९ दिवस. सुटलात. पण इतकं काठावर तिकीट काढू नका. मुंबईहून विमान एक रात्र रद्द झालं, तिथून पुढचं जोडविमान चुकलं, की १८१.

अर्जात गेल्या ५ वर्षांतली २४ तासांहून मोठी प्रत्येक फेरी लिहायची असते. नायगारा बघायला कॅनडाच्या बाजूला एक रात्र राहिलात, ती पण. तारखा शोधताना नेहमीची चूक अशी होते: अमेरिका बाहेर जाताना शिक्का मारत नाही, म्हणून लोक पासपोर्टवरचा भारताचा शिक्का बघून तारीख लिहितात. न्यूअर्कहून १० डिसेंबरच्या रात्री निघालेला माणूस मुंबईला ११ ला उशिरा, नाहीतर १२ च्या पहाटे उतरतो. शिक्का १२ चा. अमेरिका सोडल्याची तारीख १०. विमान कंपनीने कळवलेली १० तारीख सरकारच्या संगणकात आधीच असते. अशा पाच फेऱ्यांत पाच फरक दिसले की अधिकारी एकेक फेरी विचारत बसतो. तिकिटांच्या जुन्या ईमेल काढा, त्यावरून लिहा, शिक्के फक्त पडताळायला वापरा.

उंबरठा

मग १८० दिवस आणि सहा महिने हे एकच धरायचं का?

वाटाड्या

व्यवहारात १८० धरा. कायद्यात जागा दोन आहेत. नागरिकत्वाच्या कलमात 'सहा महिने' असा शब्द आहे. विमानतळावर परत घेण्याच्या कलमात १८० दिवस आहेत: सलग त्याहून जास्त बाहेर राहिलेल्या कार्डधारकाला नव्याने प्रवेश मागणारा समजून चौकशी करता येते. तुम्हाला दोन्ही दारांतून आत जायचंय, लहान आकडा पाळा.

कोकमसार

आईवडिलांचं काय? मुलाने नागरिक झाल्यावर त्यांना कार्ड मिळवून दिलं. सहा महिने इथे, सहा महिने नाशिकला. सोसायटीत मित्रमंडळी, भाजीवाला ओळखीचा, ते सोडवत नाही.

दगडफूल

तर मग कार्ड हे त्यांच्यासाठी चुकीचं साधन आहे, असं माझं स्पष्ट मत. ग्रीन कार्ड म्हणजे इथे *राहण्याचा* परवाना. मोठा व्हिसा समजून वापरला तर तिसऱ्या-चौथ्या फेरीला विमानतळावर प्रश्न येतात: कर भरता का, घर कुठे, औषधं कुठून घेता. प्रत्येक फेरी १८० दिवसांच्या आत ठेवली तरी एकूण चित्र 'राहतात नाशिकला, भेटीला येतात' असं दिसलं तर कार्ड सोडून दिल्याचा ठपका येऊ शकतो. असा दबाव आला तर आय-४०७ वर (कार्ड सोडून देण्याच्या फॉर्मवर) सही करायची सक्ती नाही. इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जाण्याचा हक्क असतो. ही गोष्ट आईबाबांना निघण्याआधी मराठीत, कागदावर लिहून द्या.

शिवाय कार्ड आलं की जगभरच्या उत्पन्नावर अमेरिकेत कराचं विवरणपत्र लागतं. नाशिकच्या बँकेतल्या मुदत ठेवींचं व्याज, निवृत्तिवेतन, भाडं, सगळं त्यात. परदेशी खात्यांची एकत्र शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार हे परदेशी खात्यांचं विवरणपत्र वेगळं. ज्यांना वर्षाला चार महिनेच यायचंय त्यांना बी-२, म्हणजे भेटीचा व्हिसा बरा.

ज्यांना खरंच नागरिक व्हायचंय त्या ज्येष्ठांसाठी परीक्षेच्या सवलती:

वय ५० आणि कार्ड २० वर्षं, किंवा वय ५५ आणि कार्ड १५ वर्षं: इंग्रजी माफ, नागरिकशास्त्राचे प्रश्न दुभाषा घेऊन मराठीत.

वय ६५ आणि कार्ड २० वर्षं: वरचं सगळं, शिवाय यादीत खूण केलेल्या फक्त २० प्रश्नांचाच अभ्यास, १० विचारतात, ६ बरोबर हवेत.

लोक वय वाचतात आणि दुसरा आकडा वाचत नाहीत. सत्तराव्या वर्षी कार्ड मिळालेल्या आजींना पंचाहत्तराव्या वर्षी यातलं काहीच मिळत नाही, इंग्रजी द्यावंच लागतं. स्मृतिभ्रंश किंवा तशाच आजारामुळे शिकणंच शक्य नसेल तर माफीचा फॉर्म एन-६४८, तो डॉक्टरने भरायचा. 'वय झालं' एवढंच कारण चालत नाही. आजार कोणता, त्यामुळे शिकणं आणि लक्षात ठेवणं नेमकं कसं अडतं, हे डॉक्टरने जोडून दाखवावं लागतं. बहुतेक एन-६४८ इथेच पडतात: आजाराचं नाव असतं, धागा जोडलेला नसतो.

आल्याचा चहा

परीक्षा सोपीच आहे. १०० प्रश्न, १० विचारतात, ६ आले की झालं. एका शनिवार-रविवारचं काम.

वाटाड्या

हे जुनं झालं. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांचा संच, २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर हवेत. १२ झाले की थांबतात, ९ चुकले तरी थांबतात. त्याआधी भरलेल्यांना जुनीच. परीक्षेची आवृत्ती *अर्जाच्या* तारखेवरून ठरते, मुलाखतीच्या नाही. जुनी पुस्तिका घेऊन बसलेल्यांनी एवढं तपासा.

सिनेटर, गव्हर्नर, सभागृहाचा सभापती ही नावं मुलाखतीच्या आठवड्यात पुन्हा बघा. यादीत छापलेलं उत्तर शिळं असू शकतं.

वाचनाला तीन वाक्यांपैकी एक नीट वाचता आलं पाहिजे, लेखनाला तीनपैकी एक. बोलण्याची वेगळी परीक्षा नाही. अर्जातले प्रश्न अधिकारी तोंडी विचारतो, तीच परीक्षा. आणि खरा घोळ तिथेच होतो. चाळीस प्रश्नांना 'नो, नो, नो' म्हणत गेलेल्या माणसाला मधेच विचारतात, या शब्दाचा अर्थ काय? 'ओथ', 'अलिजन्स', 'डिपोर्ट', 'टोटॅलिटेरियन'. साध्या दोन-चार शब्दांत सांगता आलं की पुरे. आणि 'नो' च्या ओघात शेवटच्या प्रश्नांनाही 'नो' जातं: राज्यघटना मानता का, शपथ घ्यायला तयार आहात का. तिथे 'येस' हवं.

नापास झालात तर ६० ते ९० दिवसांत एकदा पुन्हा बोलावतात, तेही फक्त राहिलेल्या भागासाठी.

आल्याचा चहा

बरोबर, माझी माहिती जुनी होती.

मोडीलिपी

नावांचं मी लिहितो, कारण मराठी नावांइतका घोळ कुणाच्याच नावात नसेल.

आपल्या पासपोर्टात 'गिव्हन नेम' च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. अमेरिकेत कुठे वडिलांचं नाव मिडल नेम झालं, कुठे दोन्ही मिळून पहिलं नाव झालं, कुठे गळलं. बायकांच्या बाबतीत लग्नाआधी वडिलांचं, मग नवऱ्याचं, आणि लग्नात नावच बदललं असेल तर शाळेच्या दाखल्यावर एक बाई आणि पासपोर्टवर दुसरी. अर्जात 'जन्मापासून वापरलेली इतर नावं' असा रकाना आहे. त्यात सगळी लिहा: माहेरचं पूर्ण नाव, पदवीवरचं स्पेलिंग, 'देशपांडे' चं जुन्या पासपोर्टावरचं दुसरं स्पेलिंग. रिकामा सोडला आणि बोटांच्या ठशांच्या तपासणीत दुसरं नाव निघालं तर प्रश्न वाढतात.

नाव बदलायचं असेल तर एन-४०० हीच स्वस्त वेळ. अर्जातच नवं नाव लिहायचं, वेगळी कोर्ट फी नाही. पण मग शपथ न्यायालयातच घ्यावी लागते आणि न्यायालयीन शपथविधी काही ठिकाणी उशिराच्या तारखांना असतात. आणि पुढचा विचार करा: नवं नाव प्रमाणपत्रावर येणार, तेच अमेरिकन पासपोर्टवर, तेच ओसीआयवर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डावर). भारतातला सातबारा, पॅन, बँक, सगळीकडे जुनं. बायकोने नवऱ्याचं नाव मधून काढायचं ठरवलं तरी प्रत्येक ठिकाणी ते जोडणारा कागद सोबत न्यावा लागणार.

जन्मतारीख तर आणखी नाजूक. गावाकडच्या जुन्या पिढीत मास्तरांनी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून लिहिलेला असतो. खरी तारीख वेगळी, ग्रामपंचायतीच्या नोंदीत तिसरीच. ग्रीन कार्डावर जी आहे ती चुकीची वाटत असेल तर शपथेच्या *आधी* सोडवा. प्रमाणपत्रावर एकदा छापली की सरकारचीच टंकनचूक असल्याशिवाय ती बदलून घेणं जवळजवळ अशक्य.

उंबरठा

ट्रॅफिक तिकीट लिहायचं का?

दगडफूल

प्रश्न 'अटक किंवा सायटेशन' असा आहे, म्हणून लिहा. वेगाचं तिकीट, ५०० डॉलरच्या आतला दंड, अटक नाही, दारू-अमली पदार्थ नाही, अशांना कागद जोडायची गरज नसते. दंड भरल्याची पावती मुलाखतीला सोबत ठेवा. दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण वेगळं: ५ वर्षांत दोनदा शिक्षा झालेली असेल तर चांगल्या वर्तनाचं कलम आडवं येतं. गांजा अनेक राज्यांत दुकानात मिळतो, संघराज्याच्या कायद्याने अजून गुन्हाच आहे. 'कधी तरी घेतला' हे कबूल करणंही महागात पडू शकतं. अशा कुठल्याही बाबतीत अर्ज भरायच्या आधी वकील.

सर्वांत वाईट आणि सर्वांत निष्पाप चूक: डीएमव्हीत (वाहन परवाना कार्यालयात) लायसन्सचं नूतनीकरण करताना पडद्यावर 'मतदार नोंदणी करायची?' येतं आणि माणूस भराभर 'हो' दाबत जातो. घरी मतदारपत्र येतं. नागरिक नसताना मतदार नोंदणी म्हणजे नागरिक असल्याचा खोटा दावा ठरू शकतो आणि त्यावर हद्दपारीचं कलम आहे. मतदान केलं नसलं तरी. पत्र आलं तर फाडून टाकू नका. निवडणूक कार्यालयातून लेखी नाव काढा, त्याची प्रत ठेवा आणि एन-४०० वकिलामार्फतच भरा.

वाटाड्या

मुलांचे दोन मुद्दे.

एक, कार्ड मिळताना मुलगा १८ ते २५ चा असेल तर सिलेक्टिव्ह सर्व्हिसची (लष्करभरतीच्या यादीतली) नोंदणी लागते. एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असताना लागत नव्हती, म्हणून घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. २६ पूर्ण झाले की दार बंद. मग ३१ पर्यंत 'मुद्दाम टाळलं नाही' हे पटवत बसावं लागतं.

दोन, १८ च्या आतलं मूल. २००० सालचा बालनागरिकत्व कायदा २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू आहे. आईवडिलांपैकी एकाने शपथ घेतली, मुलाकडे ग्रीन कार्ड आहे आणि ते त्या पालकाच्या ताब्यात इथेच राहतंय, की ते त्याच क्षणी आपोआप नागरिक. त्याचा एन-४०० नसतो. पुरावा म्हणून सरळ अमेरिकन पासपोर्ट काढा. एन-६०० प्रमाणपत्र ऐच्छिक आहे आणि त्याला ऑनलाइन १,३३५ डॉलर पडतात. म्हणूनच घरात सतरा वर्षांचं मूल असेल तर अर्ज पहिल्याच दिवशी टाका. शपथ अठराव्या वाढदिवसानंतर झाली तर मुलाला स्वतःचा अर्ज, स्वतःची परीक्षा, स्वतःची फी.

कोकमसार

कार्ड देणारी कंपनी लगेच सोडली होती, तर आता पाच वर्षांनी विचारतात?

दगडफूल

विचारू शकतात. नागरिकत्वाच्या वेळी जुनी फाइल पूर्ण उघडते. कार्ड मुळात नियमानुसार मिळालं होतं का हे बघण्याचा त्यांना अधिकार आहे. कार्ड आल्यावर महिनाभरात नोकरी सोडली असेल तर कारण सांगता आलं पाहिजे: कंपनीनेच काढलं, प्रकल्प बंद झाला, ग्रीन कार्डाचा अर्ज, आय-४८५, अडकलेला असतानाच तशाच कामावर नियमाप्रमाणे नोकरी बदलली. त्या काळातल्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा दाखला) जपून ठेवा.

करांचंही तसंच. कर थकलाय हा अडसर नाही, आयआरएसशी (कर खात्याशी) हप्त्यांचा करार केलेला असला तर. पण कार्ड मिळाल्यावर स्वतःला अनिवासी म्हणवून १०४०-एनआर भरला असेल, तर तुम्हीच लिहून दिलंत की मी इथे राहत नाही. ५ वर्षांच्या टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट आयआरएसच्या खात्यातून फुकट निघतात, त्याच न्या.

वाटाड्या

मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय आला नाही तर जिल्हा न्यायालयात दाद मागता येते. नामंजूर झालं तर एन-३३६ भरून अपील, ३० दिवसांत. पण कारण नुसतं 'लवकर अर्ज केला' असेल तर अपिलात पैसे घालण्यापेक्षा नवा अर्ज भरा.

शपथेच्या दिवशी ग्रीन कार्ड जमा होतं. प्रमाणपत्र हातात आलं की खुर्चीवरून उठायच्या आधी नाव, जन्मतारीख, उंची, देश वाचा. चूक तिथेच दाखवली तर तिथेच दुरुस्त होण्याची शक्यता असते, घरी गेल्यावर दुरुस्तीचा अर्ज, एन-५६५. लॅमिनेट करू नका.

आणि त्या दिवसापासून अमेरिकन पासपोर्ट येईपर्यंत तुम्ही देशाबाहेर जाऊ शकत नाही. कार्ड नाही, आणि भारतीय पासपोर्ट वापरायचा नाही. पासपोर्टाच्या अर्जाला, डीएस-११ ला, १३० अधिक ३५ डॉलर, घाईचे ६० वर. मूळ प्रमाणपत्र सोबत जातं आणि वेगळ्या पाकिटातून परत येतं, ते आलं नाही म्हणून घाबरू नका. शपथेच्या तारखेजवळ भारताचं तिकीट काढणं हा शुद्ध आत्मघात.

सातबारा

इथून पुढे माझा प्रांत.

भारतीय नागरिकत्व शपथेच्या क्षणी *आपोआप* संपतं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९. 'पासपोर्ट सरेंडर केला नाही म्हणजे अजून भारतीय' हा गैरसमज आहे. सरेंडर ही फक्त नोंद. शपथेनंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास केला किंवा त्याचं नूतनीकरण केलं तर दंड बसतो. क्रम असा: अमेरिकन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर प्रमाणपत्र, मग ओसीआय. आपोआप नागरिक झालेल्या मुलांचे भारतीय पासपोर्टही यात धरा. रद्द केलेला पासपोर्ट परत मिळतो, तो आणि सरेंडर प्रमाणपत्र जन्मभर जपा.

ओसीआयची फी २७५ डॉलर. अर्ज परत येतात ते किरकोळ गोष्टींवर: सहीची प्रतिमा उंचीच्या तिप्पट रुंद नाही, अज्ञान मुलाच्या अर्जावर एकाच पालकाची सही, पासपोर्टवर एक नाव आणि जन्मदाखल्यावर 'मुलगी' एवढंच. ओसीआय येण्याआधी अचानक जावं लागलं तर अमेरिकन पासपोर्टवर ई-व्हिसा.

ओसीआय वयाच्या विसाव्या वर्षाआधी काढलेलं असेल तर विशीनंतर नवा पासपोर्ट निघाला की ते एकदा नव्याने काढायचं. पन्नाशीनंतरच्या पहिल्या नव्या पासपोर्टला फक्त कागद अपलोड करायचे.

आता जमीन. शेतजमीन ओसीआयला विकत घेता येत नाही, एनआरआयलाही येत नव्हती. वारशाने मिळते. फ्लॅट, दुकान घेता येतं. वारशाची शेती विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि महाराष्ट्रात तो शेतकरीही असावा लागतो. म्हणजे पुण्याच्या आयटीतल्या मित्राला विकतो म्हणालात तर त्याच्या नावावर कुठेतरी सातबारा हवा.

फेरफारासाठी तलाठ्याकडे जाताना सातबाऱ्यावरचं नाव, वडिलांचा मृत्युदाखला आणि तुमचा नवा पासपोर्ट यांची नावं जुळतात का बघा. वर मोडीलिपींनी मधलं नाव काढण्याबद्दल लिहिलंय, त्याचा फटका इथे बसतो.

कोकमसार

तिथे जाता येत नसेल तर? भावाला अधिकार द्यायचे.

सातबारा

कुलमुखत्यारपत्र. इथे नोटरीसमोर सही, मग राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपॉस्टिल. अपॉस्टिल म्हणजे परदेशात चालणारं साक्षांकन, त्याच्या करारात दोन्ही देश आहेत. महाराष्ट्रात कागद पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, म्हणून पाकीट कधी पोचलं त्याचा कुरिअरचा कागद भावाला जपून ठेवायला सांगा. मुखत्यारपत्रात गट नंबर, क्षेत्र आणि गाव लिहा. 'माझी सर्व मालमत्ता' एवढंच लिहून पाठवलेला कागद दुय्यम निबंधकाच्या खिडकीवरून परत येतो.

राहिलेलं: बँकेत केवायसीत नागरिकत्व बदला, एनआरओ खातं चालू राहतं. पॅन तोच. मतदार यादीतलं नाव नमुना ७ भरून काढा.

उंबरठा

हे सगळं बघता नुसतं ग्रीन कार्डच दर दहा वर्षांनी नवं करत राहिलं तर?

दगडफूल

चालतं. बरेच जण तेच करतात. पण दोन गोष्टी मोजा. शेवटच्या १५ पैकी ८ वर्षांत कार्ड बाळगलं आणि मग परत केलं तर कराचा फॉर्म ८८५४ लागतो. निव्वळ मालमत्ता २० लाख डॉलरच्या वर असेल तर निर्गमन कराचा, म्हणजे कार्ड सोडताना लागणाऱ्या कराचा, प्रश्न येतो. बे एरियात पंधरा वर्षांपूर्वी घेतलेलं घर आणि ४०१-के (निवृत्तीची बचत) धरले तर हा आकडा वाटतो तितका लांब नाही. दुसरं, जोडीदार नागरिक नसेल तर वारसा करातली जोडीदाराची अमर्याद सूट त्याला सरळ मिळत नाही. त्यासाठी वेगळा ट्रस्ट करावा लागतो. परत पुण्याला जायचंय हे पक्कं असेल तर आठवं वर्ष लागायच्या आत ठरवा.

वाटाड्या

आणि ते आठ *कॅलेंडर* वर्षं मोजतात. डिसेंबर २०१९ मध्ये आलेलं कार्ड म्हणजे २०१९ हे पहिलं वर्ष. २०२६ हे आठवं.